सोयरीक जमली, नाव काढा

रत्नमालाबाईंचा फोन आला तेव्हा मंदाबाई शेताच्या बांधीत उभी राहून उन्हाळी धानाच्या पऱ्ह्याला, कोवळ्या रोपांना, पाणी देत होती. नाव पाहिल्यावर तिने चिखलाचा हात साडीला पुसला, पदर डोक्यावर घेतला आणि मग बटण दाबलं. होणाऱ्या विहिणीशी उघड्या डोक्याने बोलायचं तिला जमलं नसतं, मग फोनमधून दिसो न दिसो.

"नमस्कार जी विहीणबाई. जेवणं झाले का?"

जेवणाचं उत्तर आलं नाही.

"तुमची रुपा त्या सोयरघरवर काहून आहे अजून?"

"कुठं?"

"सोयरघर. ते लग्नाचं, मोबाइलवरचं. निळ्या साडीतला फोटो आहे. खाली लिहून आहे, योग्य वर पाहिजे. अन् त्याच्याही खाली, आज ऑनलाइन होती. आज, विहीणबाई. साखरपुडा होऊन महिना झाला."

"अजी, ते तं मी मंडईनंतरच बंद केलं होतं. फोन करून सांगतलं त्या पोरीले."

"बंद केलेलं दिसत नाही ना मले." रत्नमालाबाई म्हणाल्या. "हे म्हणतात, बुधवारी पत्रिका छापाले जाते. त्याच्या आधी सगळं साफ झालं पाहिजे. नाही तं पत्रिका थांबवू. लोकं विचारतीन आमाले, तुमची सून दुसरे पोरं पाहून राहिली का म्हणून."

फोन बंद झाला. मंदाबाई पाण्यात तशीच उभी राहिली. पऱ्ह्याचा वाफा भरून पाणी धुऱ्यावरून पलीकडच्या लाखोळीच्या पिकात शिरलं, तरी तिने पाटाचं तोंड बुजवलं नाही.

करडीत आणि आसपासच्या गावांत मंदाबाईच्या नात्यागोत्यातल्या सोयरिकी भय्याजी जमवत. सायकलवरून फिरणारा हा म्हातारा माणूस कोणाच्या घरी लग्नाचं पोर आहे ते तोंडपाठ सांगे. पोरीसाठी स्थळ पाहायचं ठरलं की घरची बाई त्यांच्या हातावर एक रुपया आणि सुपारी ठेवी. रुपया म्हणजे मजुरी नव्हे, आमच्या पोरीचं नाव तुम्ही तोंडात घेऊ शकता, एवढीच त्याची परवानगी. लग्न लागलं की भय्याजींना धोतरजोडी मिळे. सोयरीक दुसरीकडून जमली, तर नुसता निरोप पाठवायचा, 'सोयरीक जमली, नाव काढा.' त्यानंतर भय्याजी त्या पोरीचं नाव चुकूनही कुठे काढत नसत.

श्रावणात शेजारच्या नीतूने मोबाइलवर सोयरघर दाखवलं आणि ती म्हणाली, "मावशी, फक्त एक रुपया लागते." मंदाबाईला त्यात नवं काहीच वाटलं नाही. रुपया घेतो, म्हणजे रीत ठाऊक असलेला कोणीतरी असणार. तिने चष्मा लावला आणि चार आकडे स्वतःच्या बोटाने दाबले. त्या एका रुपयाच्या खाली बारीक अक्षरांत काय लिहिलं होतं ते नीतूने वाचलं नाही, आणि मंदाबाईला तिथे काही वाचायचं असतं हे माहीत नव्हतं.

कार्तिकात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, भरली. भय्याजींनी रत्नमालाबाईंचे यजमान, आंबागडचे मधुकरराव, आणि मंदाबाईचा नवरा इश्वर यांची पाळण्याजवळ गाठ घालून दिली आणि सोयरीक तिथेच जमली. मधुकररावांचा पोरगा योगेंद्र सौरपंप बसवण्याचं काम करायचा, हसरा होता. दुसऱ्या दिवशी मंदाबाईने रीतीप्रमाणे सोयरघरच्या त्या पोरीला फोन केला, जी दर आठवड्याला 'मॅडम' म्हणून बोलायची. "सोयरीक जमली जी, नाव काढा." पोरगी म्हणाली, "हो का? अभिनंदन मॅडम!" मंदाबाईच्या लेखी विषय संपला होता.

रुपा पाचच्या बसने आली. ती तुमसरला एका खासगी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर नळ्यांवर नावं चिकटवायची आणि आकडे दोनदा तपासायची सवय तिच्या अंगात मुरली होती, त्यामुळे आईने सगळं एका दमात सांगितलं तरी तिने आधी फक्त हात पुढे केला.

"फोन दे."

ती घरापुढच्या छपरीत खाटेवर बसली. इश्वर बैलाला कुटार टाकून आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"आई, हे पैसे कापून राहिले," रुपा म्हणाली. "दर महिन्याच्या सत्तावीस तारखेले, सातशे नव्व्याण्णव. पाच वेळा. तुले मेसेज येत होते."

"इंग्रजीतले मेसेज मी काय वाचू?"

"एक रुपया दिला तेव्हा तू पुढच्या महिन्यांचीही परवानगी देऊन बसली. सात दिवस एका रुपयात, त्याच्यानंतर आपोआप."

"मी कोणाले परवानगी देल्ली? नाव घ्याची देल्ली होती!"

पैशाची परवानगी रुपाने बँकेच्या ॲपमध्ये शोधून काढली आणि रद्द केली. त्याला दोन मिनिटं लागली. फोटो काही निघेना. सोयरघरमध्ये शिरायला दोनच पडदे होते, आणि बाहेर पडायला किती आहेत ते ती कागदावर मांडत गेली. 'आपण का जात आहात?' मग आनंदी जोडप्याचा फोटो. मग 'अर्ध्या किमतीत आणखी एक महिना', त्याला हिरवं मोठं बटण, आणि 'तरीही जायचं आहे' हे राखाडी रंगात, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारं. मग कारण लिहा. मग कारण अपुरं आहे. अकराव्या पडद्यावर 'आमच्याशी संपर्क साधा' असं होतं. ते दाबल्यावर ती पहिल्या पडद्यावर परत आली.

"आणि हे 'आज ऑनलाइन होती'?" इश्वरने विचारलं.

"मी आज दिवसभर लॅबमध्ये होतो, बाबा. पासवर्ड मले माहीतच नाही. ते सोयरघरवालेच आपल्या मनानं लिहून राहिले, म्हणजे लोकं पाहतीन."

सकाळी मंदाबाईने त्या पोरीला फोन लावला. आवाज तोच होता, गोड आणि न थांबणारा.

"मॅडम, तुम्ही कॅन्सल केलंच नव्हतं. फोनवर सांगितलं तर ते आमच्याकडे नोंद होत नाही."

"मग अभिनंदन कायले म्हटलं?"

"ते आम्ही सगळ्यांना म्हणतो, मॅडम. आता असं आहे, तुमचा प्लॅन वर्षाचा आहे आणि काल तुम्ही पेमेंट थांबवलं. म्हणून खात्यावर येणं दाखवतंय. चोवीसशे रुपये बंद करण्याचा आकार भरला की प्रोफाइल लगेच निघेल. अगदी पाच मिनिटांत."

"अन् नाही भरला तं?"

"तर प्रोफाइल सुरू राहील, मॅडम. तुमच्याच फायद्यासाठी."

इश्वर ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "देऊन टाक व. सोयरिकीपुढे चोवीसशे काय? दीड पोतं धान गेलं समज."

"दीड पोतं धान कोणी चोरून नेलं असतं, तं मी एवढी बोललीही नसती."

"मग?"

मंदाबाईने रुपाकडे पाहिलं. "वाचून दाखव यायले. पैसे भराच्या जागी काय लिहून आहे ते."

रुपाने वाचलं. बटणाच्या वर बारीक अक्षरांत होतं, 'मी आजच्या तारखेपर्यंत सदस्यत्वाचा लाभ माझ्या इच्छेने घेतला असून माझी कोणतीही तक्रार नाही.'

"आता सांगा," मंदाबाई म्हणाली. "मी पैसे भरले, तं फोटो निघते. पण कागद काय म्हणते? का मंदाबाईनं पोरीचा साखरपुडा झाल्यावरही आपल्या मर्जीनं पोरगी मोबाइलवर मांडून ठेवली होती. ती पावती उद्या रत्नमालाबाईनं पाहिली तं? मी कोणत्या तोंडानं म्हणू का मी नाव काढ म्हटलं होतं?"

"पावती कोण पाहते?"

"मी पाहतो ना. मी रोज पाहीन."

इश्वरने डोक्यावरचा दुपट्टा सोडून परत बांधला. एकोणतीस वर्षांच्या संसारात तो हे शिकला होता, की मंदाबाईचा आवाज चढला तर वाद घालता येतो, उतरला तर येत नाही. आता तो उतरला होता.

"मग काय कराचं?"

"आंबागडले जाऊ. मंगळवारी. त्यायच्यासमोर बसून त्या पोरीले फोन लावतो. जे ऐकाचं ते सगळ्यायनं ऐका."

"अन् तिथं ती पोरगी उलटं बोलली तं? पत्रिका गेली ना मग."

"तं जाऊ दे," मंदाबाई म्हणाली, पण म्हणताना तिने रुपाकडे पाहिलं नाही.

रुपाने मात्र आईकडे पाहिलं. "मीही येतो. माह्या फोटोची गोष्ट आहे."

"पोरीनं असं लग्नाआधी सासरी..."

"सासर नाही ना ते अजून, बाबा. तेच तं ठरवाचं आहे."

मंगळवारी रुपाने अर्धा दिवस सुट्टी घेतली. इश्वरच्या मोटारसायकलवर तिघं निघाले तेव्हा उन्हं चढली होती. आंबागडला किल्ल्याच्या डोंगराखाली मधुकररावांचं घर होतं. छपरीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. पाणी आलं, पण चहाचं कोणी बोललं नाही, आणि ते मंदाबाईच्या लक्षात आलं.

मधुकररावांनी घसा साफ केला. "सोयरे, तुमच्यावर माहा अविश्वास नाही. पण चार लोकं..."

"चार लोकं नंतर," मंदाबाई म्हणाली. तिने पदर सावरला. "आधी तुम्ही ऐका. मी मंडईच्या दुसऱ्या दिवशी नाव काढ म्हणून सांगतलं. भय्याजीले सांगते तसं सांगतलं. यायले ते पोहचत नाही म्हणते. चूक झाली असन तं एवढीच. बाकी माह्यासमोर ठेवलेलं पाप मी उचलत नाही."

"पाप कोण म्हणून राहिलं, विहीणबाई," रत्नमालाबाई म्हणाल्या. "पण फोटो तं आहे ना? सोन्याची बांगडी साखरपुड्यात घातली आम्ही. तुमच्या पोरीनं हातात बांगडी घालून मोबाइलवर बसाचं, अन् आम्ही..."

"काकू," रुपा म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "तुमाले माहा फोटो कोणी दाखवला?"

"कोणी म्हणजे? भाचीनं पाहिला."

"कोणत्या भाचीनं?"

"आता भाच्या काय एक आहे का?" रत्नमालाबाई उठून आत जायला निघाल्या, पण मंदाबाईने फोन लावला होता आणि मोठा आवाज सुरू केला होता. घंटी छपरीभर वाजत होती. विहीण समोर बसलेली असताना उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून त्या परत बसल्या.

"सोयरघरमध्ये आपलं स्वागत आहे! बोला मंदा मॅडम."

"पोरीचं नाव काढा म्हणून फोन केला. परत."

"मॅडम, तो चोवीसशेचा आकार..."

"तो मी भरत नाही. मी कधी सांगतलं होतं नाव काढा म्हणून? तारीख सांगा. तुमच्या फोनवर सगळं टिपून ठेवता म्हणता ना?"

पलीकडे कळफलकाचा आवाज झाला. "मॅडम, सोळा नोव्हेंबरला तुमचा कॉल दिसतोय. पण तो 'अभिप्राय' मध्ये आहे, रद्द करण्यात नाही."

मंदाबाईने मधुकररावांकडे पाहिलं. सोळा नोव्हेंबर. मंडईचा दुसरा दिवस. मधुकररावांनी मान खाली घातली आणि ते खुर्चीच्या हाताचा निघालेला तुकडा नखाने खरवडायला लागले.

पण पोरगी थांबली नव्हती. थांबायचं नाही हेच तिला शिकवलेलं असावं. "आणि मॅडम, माझं ऐका, आत्ता बंद करूच नका. तुमच्या मुलीसाठी आजच एक फार सुंदर स्थळ आलंय. तुमच्याच जिल्ह्यातलं! मुलगा अठ्ठावीसचा, आयटीआय झालेला, सौरपंप बसवण्याचा व्यवसाय. सहा एकर शेती, एक बहीण, तिचं लग्न झालंय. तुमसर तालुका. आई सध्या जोरात शोधतायत, आजच ऑनलाइन होत्या."

 योगेंद्र पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला होता, तो तसाच उभा राहिला.

"फोटो पाठवा," मंदाबाई म्हणाली. तिचा आवाज अजून तसाच उतरलेला होता.

"अस्पष्ट फोटो पाठवते, मॅडम. स्पष्ट पाहायला चारशे नव्व्याण्णव भरावे लागतात."

फोटो आला. रुपाने फोन सगळ्यांना दिसेल असा धरला. चेहऱ्याच्या जागी पीठ सांडल्यासारखं होतं. पण पोरगा ज्या लाल मोटारसायकलवर बसला होता, ती आत्ता समोर अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी होती, आणि त्याच्या मागचं निळं दार आता सगळ्यांच्या पाठीशी होतं.

"ही तं माही गाडी आहे," योगेंद्र म्हणाला. आणि जरा वेळाने, "मीच आहो की हा."

"चारशे नव्व्याण्णवात स्पष्ट दिसशीन," रुपा म्हणाली.

तो हसला. मग आईकडे पाहून त्याचं हसू थांबलं. रत्नमालाबाईंचा चेहरा लाल झाला होता.

"मीही एकच रुपया देल्ला होता," त्या म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं. "आषाढात. याले सांगतलं नाही, त्याच्या बाबालेही नाही. हे म्हणतीन, भय्याजीवर भरवसा नाही का. सोयरीक जमल्यावर मीही सांगतलं त्या पोरीले. तिनं मलेही अभिनंदन म्हटलं. तुमाले फोन केला त्याच सकाळी मेसेज आला, तुमच्या मुलासाठी नवी वधू. उघडून पाहतो तं रुपा."

"म्हणजे भाची नाही," मधुकरराव हळूच म्हणाले.

"नाही जी भाची."

"अन् पैसे?"

"मले काय माहीत? मेसेज इंग्रजीत येते."

इश्वरला राहवलं नाही. तो आता मोठ्याने हसला, आणि मधुकररावांनी त्याच्याकडे रागाने पाहायचं ठरवलं, पण त्यांनाही हसू आलं. मंदाबाई मात्र हसली नाही. फोन अजून चालू होता.

"ऐकलं का व पोरी?" ती म्हणाली. "तू माह्या जावयाचं स्थळ मलेच इकून राहिली."

पलीकडे कोणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला. मग फोन दुसऱ्या कोणाकडे गेला. पुरुषाचा आवाज, वजनदार. "मॅडम, ही तर आनंदाची बातमी आहे! दोन्ही सदस्य आमचेच आणि जुळणीही झाली. आपण असं करू, दोन्ही खात्यांचा आकार माफ. फक्त लग्नाचा एक फोटो द्या आणि दोन ओळी लिहून द्या, की सोयरघरमुळे जमलं. आमच्या यशोगाथेत टाकू."

"हे बरं आहे," मधुकरराव पुटपुटले. "फुकटात सुटतो."

मंदाबाई काही बोलायच्या आत रत्नमालाबाईंनी फोनकडे हात केला. "इकडे द्या जी." त्यांनी तो दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. "सोयरीक भय्याजीनं जमवली. ऐंशी वर्षाचा माणूस सायकलीवर फिरून राहिला माह्या पोरासाठी. तुम्ही काय केलं? माह्या सुनेले नाव ठेवाले लावलं मले, तिच्या आईच्या तोंडावर. अन् वरून म्हणता, लिहून द्या? लिहून देतो. थांबा. बरोबर लिहून देतो."

त्यांनी फोन बंद केला. मग मंदाबाईकडे वळल्या. डोळ्याला डोळा द्यायला त्यांना थोडा वेळ लागला.

"चुकलं माहं, विहीणबाई."

मंदाबाईने लगेच 'असू द्या' म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, रीत तीच होती. पण तिने मधुकररावांकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

"पत्रिका उद्या जाते," मधुकरराव म्हणाले. आणि ती अजून पाहतच आहे हे दिसल्यावर, "माहंही चुकलं. तुमच्या शब्दाले मोबाइलच्या खाली ठेवलं मी."

"आता असू द्या," मंदाबाई म्हणाली. "चहा ठेवता का, विहीणबाई? सकाळपासून घशाले कोरड आहे."

दोन तक्रारी रुपानेच लिहिल्या, भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगात द्यायच्या. एकच का नाही, असं रत्नमालाबाईंनी विचारलं होतं. खाती दोन, फसवणूक दोनदा झालेली, म्हणून तक्रारी दोन, असं तिने समजावलं. तिने प्रत्येक कपातीची तारीख घातली, अकरा पडद्यांचे फोटो क्रमाने लावले, दोन्ही फोनच्या तारखा लिहिल्या. 'मानसिक त्रास' या ओळीत काय लिहायचं विचारल्यावर मंदाबाईने सांगितलं, "लिही, विहिणीच्या घरी अर्धा तास चहा मिळाला नाही." रुपाने ते लिहिलं नाही, पण छपरी, खुर्च्या आणि पत्रिका थांबवण्याची गोष्ट जशी घडली तशी लिहिली.

तक्रारीचा क्रमांक सोयरघरला कळवला त्या दिवशी संध्याकाळी दोन्ही फोटो निघाले. ना आकार, ना अकरा पडदे. रुपाने चार वेगवेगळ्या फोनवरून तपासलं, मगच आईला सांगितलं.

बस्ता घ्यायला दोन्ही घरं तुमसरला जमली होती तेव्हा सोयरघरचा मेल आला. नऊवारीचे गठ्ठे सोडलेले होते, दुकानदार पदर उलगडून दाखवत होता. रुपाने मेल वाचून दाखवला. कंपनी दोघींचे कापलेले सगळे पैसे परत द्यायला तयार होती. त्याबदल्यात दोघींनी तक्रार मागे घ्यायची आणि लिहून द्यायचं, की हा प्रकार गैरसमजातून झाला.

"सगळे पैसे?" मधुकररावांनी विचारलं.

"सगळे. दोन्ही घरचे."

"गैरसमज कोणाले झाला?" मंदाबाई म्हणाली. "मले नाही झाला. मी साफ सांगतलं होतं."

"मलेही नाही," रत्नमालाबाई म्हणाल्या. त्यांनी हातातला हिरवा पदर उजेडाकडे धरला, विणीतली गाठ पाहिली आणि तो बाजूला सारला. "लिही व रुपा, पैसे तं घेऊच. पण गैरसमज म्हणून नाही. कापले म्हणून घेऊ."

"तारखेले जावं लागन मग," इश्वर म्हणाला. "भंडाऱ्याले. पहिली तारीख लग्नाच्या चौथ्या दिवशीच आहे."

दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"चौथ्या दिवशी मांडव उतरलेला राहीन," मंदाबाई म्हणाली. "सकाळच्या बसनं निघू. तुम्ही तुमसरवरून बसा, मी मोहाडीले चढतो."

रुपाने दुकानाच्या पायरीवर बसून उत्तर लिहिलं, दोनदा तपासलं आणि पाठवून दिलं.